खूण आणि कुलूप : 'केवळ वाचन' दाखवणाऱ्या फोल्डरची उकल

व्यापारी पेढीच्या संगणकावर हिशेबाचे एक फोल्डर असते. चालू वर्षाची खतावणी, मालाच्या साठ्याची यादी, ग्राहकांची येणी, पुरवठादारांची देणी, बिलांच्या प्रती असा पेढीचा सारा जीव त्या एका फोल्डरात एकवटलेला असतो. एके दिवशी त्यातील एखादी फाईल केलेला बदल साठवून घेण्यास नकार देते. गुमास्ता फोल्डरवर माउसचे उजवे बटण दाबतो, 'प्रॉपर्टीज'ची चौकट उघडतो आणि 'रीड-ओन्ली' म्हणजे 'केवळ वाचन' या शब्दांपुढील चौकोनात त्याला खूण दिसते. तो ती काढतो, 'अप्लाय' आणि 'ओके' ही बटणे दाबतो. खात्रीसाठी चौकट पुन्हा उघडावी, तर खूण होती तेथेच! दहा वेळा काढली तरी दहाही वेळा ती परत येते.

मग धावपळ सुरू होते. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्या व्यापाऱ्यांना जीएसटीआर-३बी साधारणतः पुढील महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरावयाचे असते. अशा मुदतीच्या तोंडावर फाईल अडली, तर दुकानातील सर्वांचाच धीर सुटतो. तंत्रज्ञास बोलावणे जाते. घाईत असलेला तंत्रज्ञ कधी त्या फोल्डरवर सर्वांना सर्व प्रकारची मोकळीक देऊन टाकतो, तर कधी 'फॉरमॅट करावे लागेल' असे सांगून मोकळा होतो. पहिल्या उपायाने तिजोरी सताड उघडी राहते. दुसऱ्याने, आधी प्रत काढून ठेवलेली नसेल, तर वर्षभराचा हिशेबच पुसला जातो. बहुतेक वेळा या दोन्हींपैकी कशाचीही गरज नसते, कारण ती परत परत येणारी खूण हे कुलूपच नव्हे. फाईल खरोखरच अडली असेल, तर कुलूप अन्यत्र कोठेतरी असते. ते कोणी आणि कशासाठी लावले आहे हे ओळखले, तर ते न फोडता उघडता येते.

खूण म्हणजे काय?

संगणकातील प्रत्येक फाईलला काही गुणचिन्हे जोडलेली असतात. डॉसच्या काळापासून चालत आलेली त्यांतील चार प्रमुख चिन्हे म्हणजे केवळ वाचन, लपवलेली, प्रणालीची आणि प्रत काढावयाची. एखाद्या फाईलवर 'केवळ वाचन' हे चिन्ह असेल, तर ती उघडता येते, वाचता येते, परंतु त्याच नावाने बदल साठवता येत नाही. फाईलच्या बाबतीत ही खूण खरी आहे आणि ती एकदा काढली की सामान्यतः पुन्हा येत नाही.

फोल्डरच्या बाबतीत मात्र विंडोजने याच चिन्हाला निराळे काम दिले आहे. काही फोल्डरांचे रूप खास असते. त्यांचे चित्र वेगळे असते किंवा मांडणी वेगळी असते. अशा फोल्डरात 'डेस्कटॉप डॉट आयएनआय' या नावाची एक लहानशी लपवलेली फाईल असते आणि तिच्यात त्या रूपाची माहिती असते. ही फाईल वाचावयाची की नाही, हे ठरवण्यासाठी विंडोज फोल्डरवरील 'केवळ वाचन' चिन्हाचा उपयोग करते. फोल्डरात लिहिण्यास मनाई करण्याशी त्याचा संबंध नाही. हे स्पष्टीकरण मायक्रोसॉफ्टनेच आपल्या साहाय्यपत्रकात पूर्वी दिलेले आहे.

मग चौकोनातील खूण परत का येते? चौकटीतील शब्द नीट वाचले, तर उत्तर तेथेच सापडते. 'रीड-ओन्ली'च्या पुढे 'फक्त फोल्डरमधील फाईलींना लागू' अशा अर्थाचे शब्द छापलेले असतात. चौकोनातील खूणही नेहमीची बरोबरची खूण नसून एक भरीव ठिपका असतो. त्याचा अर्थ 'होय' असाही नाही आणि 'नाही' असाही नाही. आतील फाईलींविषयी या चौकटीने अद्याप काही ठरवलेले नाही, एवढाच त्याचा अर्थ. तो ठिपका काढून 'अप्लाय' म्हटले की आतील फाईलींवरील 'केवळ वाचन' हे चिन्ह खरोखरच काढले जाते, म्हणजे सांगितलेले काम पार पडते. चौकट पुन्हा उघडली की तोच प्रश्न नव्याने समोर येतो. बँकेत पैसे भरण्याची एक स्लिप भरून दिल्यावर दुसरी हाती घ्यावी, तर ती कोरीच असते. पहिली रक्कम जमा झाली नाही, असा त्याचा अर्थ कोणी लावत नाही. तो चौकोनही कोऱ्या स्लिपसारखा आहे. त्याला नोंद समजले की गोंधळ सुरू होतो.

एखादे फार जुने सॉफ्टवेअर फोल्डरवरील हे चिन्ह पाहूनच अडून बसते, असे क्वचित घडते. त्यासाठी 'अ‍ॅट्रिब' ही आज्ञा आहे आणि जाणकाराकडून ती त्या एकाच फोल्डरावर चालवून घेता येते. हा अपवाद सोडला, तर त्या ठिपक्याच्या मागे लागण्यात वेळ दवडू नये.

कुलूप कोठे आहे?

खरे कुलूप शोधण्याची पहिली परीक्षा अगदी सोपी आहे. त्याच फोल्डरात उजव्या बटणाने एक नवी कोरी मजकूर-फाईल तयार करावी, तिच्यात एक शब्द लिहावा आणि ती साठवावी. ती साठवली गेली, तर फोल्डर मोकळे आहे. अडचण त्या विशिष्ट फाईलची किंवा ती उघडणाऱ्या सॉफ्टवेअरची आहे. ती साठवली गेली नाही, तर अडथळा फोल्डरच्या पातळीवर किंवा त्याहून वर आहे.

दुसरी परीक्षा पडद्यावर आलेला संदेश पूर्ण वाचण्याची. घाईने 'ओके' दाबणारा गुमास्ता सर्वांत मोलाचा पुरावा पुसून टाकतो. 'प्रवेश नाकारला' हा संदेश अधिकारांकडे बोट दाखवतो. 'फाईल अन्य कोणी उघडली आहे' असे आले, तर दुसऱ्या टेबलावर ती खुली आहे. 'डिस्क लेखन-संरक्षित आहे' असे आले, तर प्रश्न त्या उपकरणाचा आहे. संदेशाचे मोबाईलवर छायाचित्र काढून ठेवले, तरी तंत्रज्ञाचे अर्धे काम होते.

एक्सेलची फाईल असेल, तर आणखी दोन शक्यता आधी पाहाव्यात. व्हॉट्सअ‍ॅपवरून किंवा ई-मेलने आलेली फाईल पुष्कळदा वर पिवळी पट्टी दाखवत 'संरक्षित दृश्य' या अवस्थेत उघडते. पाठवणारा ओळखीचा आहे याची खात्री करून संपादनास परवानगी दिली की ती मोकळी होते. दुसरी शक्यता अशी की, सामायिक फाईल उघडी असताना वीज गेली की तिच्याशेजारी एक लपवलेली तात्पुरती फाईल मागे राहते. तिच्यामुळे, कोणीही उघडलेली नसताना मूळ फाईल 'वापरात आहे' असे दिसत राहते. सर्व संगणकांवर ती फाईल बंद आहे याची खात्री करून ती उरलेली तात्पुरती फाईल काढली की अडथळा संपतो.

नाव तेच, खाते निराळे

या किरकोळ गोष्टी नसतील, तर पुढचा शोध अधिकारांचा. आजच्या विंडोजमध्ये प्रत्येक फोल्डरचा एक मालक असतो आणि कोणी वाचावे, कोणी लिहावे, कोणी पुसावे याची एक यादी असते. प्रॉपर्टीजमधील 'सिक्युरिटी' या पानावर ती दिसते. खरे कुलूप बहुधा येथेच सापडते.

याचा अनुभव जुना संगणक बंद पडल्यावर येतो. त्याची डिस्क काढून नव्या संगणकाला जोडली जाते. नव्या संगणकावरही पेढीच्या नावानेच खाते उघडलेले असते. तरीही जुन्या फोल्डरात लिहिता येत नाही, कधी ते उघडतही नाही. कारण विंडोज माणसाला नावाने ओळखत नाही. प्रत्येक खात्यामागे असलेल्या एका लांबलचक क्रमांकाने ओळखते. एकाच नावाचे दोन खातेदार बँकेत असले, तरी एकाची रक्कम दुसऱ्याला मिळत नाही. पाहिला जातो तो खाते क्रमांक. तसेच येथे घडते. नवे खाते जुन्याच्या नावाचे असते, परंतु त्याचा क्रमांक निराळा असतो.

उपाय सरळ आहे. प्रशासकाच्या खात्यातून 'सिक्युरिटी' पानावरील 'अ‍ॅडव्हान्स्ड' उघडावे, मालकाचे नाव बदलून आपले खाते लावावे आणि ज्याला काम करावयाचे आहे त्या खात्याला 'मॉडिफाय' म्हणजे बदल करण्याचा अधिकार द्यावा. हे फक्त आपल्या हिशेबाच्या फोल्डरापुरते करावे. संपूर्ण सी ड्राइव्हवर किंवा विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरावर असा मालकीबदल केला, तर संगणकच चालेनासा होण्याचा धोका असतो.

पेन ड्राइव्हवर हे पान न दिसल्यास घाबरू नये. फॅट-३२ किंवा एक्सफॅट या पद्धतीने तयार केलेल्या पेन ड्राइव्हवर अधिकारांची यादीच नसते.

चुकीच्या खोलीत ठेवलेली वही

अनेक पेढ्यांवर जुने हिशेबाचे सॉफ्टवेअर अजून चालू असते आणि त्याची माहिती 'प्रोग्राम फाइल्स' या फोल्डरातच साठवलेली असते. एक्सपीच्या काळात हे खपून जाई. त्यानंतर आलेल्या व्हिस्टापासून मात्र विंडोजने तो भाग केवळ सॉफ्टवेअरसाठी राखून ठेवला आणि प्रशासकाच्या संमतीशिवाय तेथे लिहिण्यास मनाई केली.

जुनी सॉफ्टवेअरे एकदम बंद पडू नयेत म्हणून एक युक्तीही योजली गेली. असे सॉफ्टवेअर तेथे लिहू लागले की विंडोज ते लेखन गुपचूप त्या वापरकर्त्याच्या खासगी जागेत, 'व्हर्च्युअल स्टोअर' नावाच्या फोल्डरात वळवते. सोय म्हणून केलेली ही व्यवस्था हिशेबाच्या दृष्टीने घातक ठरू शकते. सकाळी एका खात्यातून नोंदवलेली बिले सायंकाळी दुसऱ्या खात्यातून उघडल्यावर दिसतच नाहीत. कोणीही काही पुसलेले नसताना एका पेढीच्या दोन वह्या तयार झालेल्या असतात, आणि संशय मात्र गुमास्त्यावर जातो. माणसावर बोट ठेवण्यापूर्वी ती दुसरी वही संगणकात आहे का, हे पाहणे न्यायाचे ठरते. कायमचा उपाय म्हणजे, सॉफ्टवेअरमधील व्यवस्था पाहून, माहितीचे फोल्डर 'प्रोग्राम फाइल्स'च्या बाहेर, स्वतंत्र ठिकाणी हलवणे.

दोन दारे आणि एक पहारेकरी

मुख्य संगणकावर माहिती ठेवून काउंटरवरील, गोदामातील आणि मालकाच्या टेबलावरील संगणकांनी ती नेटवर्कमधून वापरणे, ही पद्धत आता सर्वत्र दिसते. येथे अडचण अशी येते की मुख्य संगणकावर लिहिता येते, परंतु काउंटरवरून फक्त वाचता येते. नेटवर्कमधून येणाऱ्याला दोन दारे ओलांडावी लागतात. पहिले दार 'शेअरिंग'च्या अधिकारांचे, दुसरे 'सिक्युरिटी'च्या यादीचे. दोन्हींत जो अधिकार कमी असेल, तोच लागू होतो. एका दारावर पूर्ण मुभा आणि दुसऱ्यावर केवळ वाचन असेल, तर हाती केवळ वाचनच येते. तंत्रज्ञाने एकच दार उघडून 'काम झाले' असे सांगितले असेल, तर दुसरे दार तपासून घ्यावे.

काही वेळा दोन्ही दारे उघडी असतात आणि तरीही लेखन अडते. तेथे पहारेकरी उभा असतो. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' या खंडणीखोर सॉफ्टवेअरने जगभर धुमाकूळ घातला. इंग्लंडमधील रुग्णालयांचे कामही त्याने विस्कळीत केले. असे सॉफ्टवेअर फाईलींना सांकेतिक कुलूप घालते आणि किल्लीसाठी पैसे मागते. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात विंडोज १० मध्ये 'कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस' ही सोय आली. ती चालू केली की डॉक्युमेंट्स, पिक्चर्स यांसारख्या फोल्डरांत अनोळखी सॉफ्टवेअरला लिहिता येत नाही. बाहेरून घेतलेल्या काही अँटिव्हायरसमध्येही असाच पहारा असतो. पेढीचे हिशेबाचे सॉफ्टवेअर या पहारेकऱ्याला अनोळखी वाटले, तर तो त्यालाही अडवतो. अशा वेळी पहारा उठवू नये. 'विंडोज सिक्युरिटी'मधील 'रॅन्समवेअर प्रोटेक्शन' या भागात जाऊन त्या एका सॉफ्टवेअरला परवानगी द्यावी. ओळखीच्या माणसासाठी दार उघडावयाचे म्हणून रखवालदाराला कोणी कामावरून काढत नाही.

दुरुस्ती करूनही पूर्वपदावर

अधिकार एकदा नीट दिले तरी काही दिवसांनी पुन्हा तीच अवस्था, अशी तक्रार असेल, तर वरच्या पातळीवर पाहावे. फोल्डराचे अधिकार सामान्यतः त्याच्या वरच्या फोल्डराकडून वारशाने येतात. आतल्या फोल्डरात हाताने केलेली दुरुस्ती वरून पुन्हा वारसा लादला की पुसली जाते. म्हणून दुरुस्ती मूळ फोल्डराच्या ठिकाणी करावी. अनेक संगणक एका केंद्रीय व्यवस्थेखाली असतील, तर तेथील धोरणच प्रत्येक वेळी जुने अधिकार परत आणू शकते; मग स्थानिक दुरुस्ती टिकत नाही.

पेन ड्राइव्हवरील फोल्डर अचानक दिसेनासे होऊन त्यांच्या जागी शॉर्टकट दिसू लागले, तर प्रश्न अधिकारांचा नाही. आपल्याकडे बराच काळ फिरत असलेल्या व्हायरसांचा हा प्रकार आहे. ते फोल्डरांवर 'लपवलेली' आणि 'प्रणालीची' ही चिन्हे लावतात. चिन्हे काढूनही ती पुन्हा लागत असतील, तर आधी व्हायरस काढावा, मग चिन्हे.

डिस्कच हात टेकते तेव्हा

एक प्रसंग मात्र असा आहे की जेथे 'केवळ वाचन' ही शेवटची सूचना असते. मेमरी कार्डाच्या कडेला असलेली छोटी पट्टी सरकली, तर कार्डावर लिहिता येत नाही. ती पूर्ववत सरकवली की काम होते. विंडोजवर तयार केलेली एनटीएफएस पद्धतीची डिस्क अ‍ॅपलच्या मॅक संगणकाला जोडली, तर तीही मुळात फक्त वाचता येते. यांत भिण्यासारखे काही नाही.

परंतु कोणताही बदल न करता संपूर्ण डिस्कच लिहून घेईनाशी झाली, फाईली उघडण्यास फार वेळ लागू लागला, अधूनमधून डिस्कच दिसेनाशी होऊ लागली, तर ती थकली असण्याची दाट शक्यता असते. काही एसएसडी डिस्का आयुष्याच्या अखेरीस लेखन थांबवतात आणि केवळ वाचनाची मुभा ठेवतात. आतील माहिती बाहेर काढता यावी हाच त्यातील हेतू असतो. अशा वेळी अधिकार बदलणे, दुरुस्तीच्या आज्ञा चालवणे, संगणक वारंवार बंद-चालू करणे हे सारे थांबवावे. प्रथम हिशेबाचे फोल्डर दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावे. 'चेकडिस्क'सारखी दुरुस्तीची साधने उपयोगी आहेत, परंतु ती माहिती सुरक्षित झाल्यानंतर. आजारी डिस्कशी झटापट करण्यात गेलेला तास पुन्हा मिळत नाही.

सर्वांना किल्ली देऊ नये

या सर्व कुलपांवर बाजारात एकच रामबाण उपाय सांगितला जातो. अधिकारांच्या यादीत 'एव्हरीवन' हे नाव घालावे आणि त्यापुढे 'फुल कंट्रोल' द्यावे. काम तत्क्षणी सुरू होते, हे खरे. पण तिजोरीची किल्ली उंबऱ्यावर टांगून ठेवली, तरी कामाचा खोळंबा थांबतोच!

या उपायातील धोका दुहेरी आहे. खंडणीखोर सॉफ्टवेअर ज्या खात्यातून आत शिरते, त्या खात्याचे अधिकार त्याला मिळतात. काउंटरवरील मुलाच्या खात्याला पूर्ण खतावणी पुसण्याचा अधिकार असेल, तर त्याने चुकून उघडलेल्या एका फसव्या ई-मेलमुळे पूर्ण खतावणी धोक्यात येते. दुसरा धोका माणसांच्या संबंधांचा आहे. सर्वांना सर्व अधिकार असले की चूक कोणाची हे कधीच कळत नाही आणि प्रामाणिक नोकरही संशयाच्या छायेत राहतो. बँकांमध्ये एकाने नोंद करावी आणि दुसऱ्याने ती तपासून मंजूर करावी, ही पद्धत याचसाठी रूढ आहे. ती अविश्वासातून आलेली नाही; प्रामाणिक माणसाला तिचा आधार असतो. पेढीवरही बिले करणाऱ्याला बिलांपुरता, साठा पाहणाऱ्याला साठ्यापुरता अधिकार आणि प्रत्येकाला स्वतःचे खाते व स्वतःचा पासवर्ड, एवढी शिस्त पुरेशी ठरते.

जेथे केवळ वाचनच हवे

ज्या अवस्थेला सारे कंटाळलेले असतात, ती काही ठिकाणी हवीहवीशी असते. संपलेल्या वर्षाचे हिशेब हे तिचे उत्तम उदाहरण. जुन्या चोपड्यांत चुकलेली रक्कम खोडून टाकली जात नसे. तिच्यावर रेघ ओढून, मूळ आकडा वाचता येईल असा ठेवून, शेजारी योग्य आकडा लिहिला जाई. शिवलेल्या वहीतील पान फाडले तर ते लगेच कळे. तत्त्वार्थसूत्रात सत्य अणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत कूटलेखक्रिया म्हणजे खोटा लेख तयार करणे याचा समावेश आहे. लेखाची शुद्धता हा आपल्याकडे केवळ व्यवहाराचा विषय कधीच नव्हता.

आजचा कायदाही तेच मागतो. केंद्रीय जीएसटी नियमावलीतील नियम ५६ सांगतो की नोंदी पुसू किंवा मिटवू नयेत आणि हिशेब संगणकावर असतील, तर बदललेल्या वा काढलेल्या प्रत्येक नोंदीचा माग ठेवावा. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेब संबंधित वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात. कंपनी म्हणून नोंदलेल्या व्यवसायांना ही मुदत आठ आर्थिक वर्षांची आहे. शिवाय १ एप्रिल २०२३ पासून सुरू झालेल्या आर्थिक वर्षांसाठी त्यांच्या लेखा-सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाचा माग ठेवणारी आणि बंद करता न येणारी सोय बंधनकारक आहे.

म्हणून लेखापरीक्षण होऊन विवरणपत्रे भरून झाली, की त्या वर्षाच्या माहितीची एक प्रत वेगळ्या फोल्डरात काढावी आणि तिच्यावर सर्वांना केवळ वाचनाचा अधिकार ठेवावा. हे 'सिक्युरिटी' पानावरील यादीतून करावे. प्रॉपर्टीजमधील तो चौकोन येथेही उपयोगाचा नाही. फाईलवर लावलेली ती खूण, जिला फाईल बदलण्याचा अधिकार आहे अशी कोणतीही व्यक्ती क्षणात काढू शकते. मूळ चालू माहितीवर मात्र असे बंधन घालू नये, कारण अनेक लेखा-सॉफ्टवेअरांना माहिती नुसती उघडतानाही त्या फोल्डरात काही लिहावे लागते. बंधन प्रतीवर, व्यवहार मूळ माहितीवर.

दुसरी एक प्रत बाहेरच्या डिस्कवर असावी आणि ती डिस्क काम झाल्यावर संगणकापासून काढून ठेवावी. सतत जोडलेली डिस्क खंडणीखोर सॉफ्टवेअरच्या तावडीत संगणकाबरोबरच सापडते. प्रत काढल्याचे समाधानही पुरेसे नाही. वर्षातून एकदा तरी त्या प्रतीतून हिशेब प्रत्यक्ष उघडून, आकडे जुळवून पाहिले पाहिजेत. श्वेतांबर परंपरेत कार्तिक शुद्ध पंचमीला म्हणजे ज्ञानपंचमीला, आणि दिगंबर परंपरेत ज्येष्ठ शुद्ध पंचमीला म्हणजे श्रुतपंचमीला ग्रंथांचे पूजन होते. भांडारांतील पोथ्या बाहेर काढणे, धूळ झटकणे, वाळवी लागली का ते पाहणे आणि नवी वेष्टने घालणे, ही कामे या दिवसांशी जोडलेली आहेत. पूर्वजांनी श्रद्धेच्या दिवसाला तपासणीची जोड दिली, म्हणून शेकडो वर्षांचे लेखन टिकले. ज्या घरांत ही पंचमी पाळली जाते, त्या घरांनी त्याच दिवशी पेढीची प्रत-डिस्क जोडून हिशेब उघडून पाहिला, तर त्या परंपरेचा अर्थ अधिकच सार्थ होईल.

पुढच्या वेळी फोल्डराने नकार दिला, तर क्रम एवढाच ठेवावा : संदेश वाचावा, कोरी फाईल तयार करून पाहावी, आवश्यक माहितीची प्रत काढावी, आणि मगच अधिकार, जागा, दोन्ही दारे, पहारेकरी व डिस्क यांपैकी कोणी अडवले आहे याचा शोध घ्यावा. तंत्रज्ञास बोलावावे लागले, तरी त्याला 'कसेही करून उघडा' असे सांगण्याऐवजी 'कुलूप कोणी लावले आहे ते आधी दाखवा' असे विचारावे. त्या एका प्रश्नाने पेढीचे पैसे वाचतात, हिशेब वाचतो आणि एखाद्या निरपराध गुमास्त्याची अब्रूही वाचते.